खर्डेकरांनी काढलेली खूण

“मॅडम, यातून मला काढून टाकता येईल का?”

खर्डेकरसाहेबांनी हे इतक्या हळू आवाजात विचारलं, की मला आधी वाटलं ते टेबलफॅनशी बोलताहेत. त्याच्याशी ते अधूनमधून बोलायचे.

“कशातून, साहेब?”

“या तुमच्या गिटमधून.”

शिरसुंडी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात मी तेव्हा कंत्राटावर होते. नेमणूक मुख्याधिकाऱ्यांनी केली होती. ते तरुण होते, त्यामुळे त्यांना पारदर्शकता हवी होती. मला कामाला लावलं आणि ते स्वतः पुण्याला प्रशिक्षणाला निघून गेले. मागे उरलो मी, अभियंता खर्डेकर आणि गावाचं पाणी.

कुठल्या भागाला कधी पाणी सोडायचं याचं आठवड्याचं वेळापत्रक एका फाइलमध्ये असे. फाइल खर्डेकरांच्या कॉम्प्युटरवर, आणि कॉम्प्युटर खर्डेकरांच्या फोनवर चाले. म्हणजे असं, की फोन वाजायचा, पलीकडून कुणीतरी “लग्नघर आहे हो साहेब, अर्धा तास वाढवून द्या” म्हणायचं, खर्डेकर “बघतो” म्हणायचे आणि वेळापत्रक बदलायचं. त्या हिशेबाने शिरसुंडीत चातुर्मासातसुद्धा घरोघर लग्नं लागत. एका नगरसेवकांच्या मुलाचं लग्न तर माझ्या देखत तीनदा झालं. मुलगा नववीत होता.

खर्डेकरांना नाही म्हणता येत नसे. कुणालाच. चहावाला तिसऱ्यांदा आला तरी ते तिसरा चहा घेत आणि खिडकीतल्या कुंडीला घालत. कुंडीतलं रोप कधीच गेलं होतं.

गिट म्हणजे बदलांची आठवण ठेवणारं साधन. फाइल कुणी बदलली, कधी, काय कारण देऊन, हे सगळं ते कायमचं लक्षात ठेवतं. आणि नीट बांधून घेतलं तर कुठला बदल आत घ्यायचा आणि कुठला दारातूनच परत पाठवायचा, हेही ते ठरवतं. ते नीट बांधून घेणं हे माझं काम. म्हणजे सेटिंग्ज.

“तुम्हाला काढून कसं चालेल, साहेब? वेळापत्रक तुमचंच आहे.”

“हो, ते आहेच म्हणा,” ते म्हणाले आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. “मग मला एकेक दाखवा. कुठलं बटण काय करतं.”

मला ते आवडलं नाही. सरकारी कचेरीत माणूस एखाद्या नव्या व्यवस्थेची बारकाईने चौकशी करतो तेव्हा त्याला ती व्यवस्था समजून घ्यायची नसते, तिची मागची बाजू कुठं उघडते ते बघायचं असतं. आणि मला ती बाजू बंद हवी होती. यात माझा स्वार्थ होता, तो सांगून टाकते. मी टेकाडावर राहत होते.

टेकाड म्हणजे गावाची वरची वस्ती. भाडं कमी होतं. का कमी, ते पहिल्याच शनिवारी कळलं. शनिवारी सकाळी सात ते दहा हा टेकाडाचा वार. शुक्रवारी टाकी भरायची, शनिवारी फक्त वरचा व्हॉल्व उघडायचा, म्हणजे पाणी चढतं. त्याच वेळी खालचा व्हॉल्व कुणी उघडला की पाणी खाली धावतं आणि आमच्या नळांना येते हवा. खालचा व्हॉल्व दर शनिवारी कुणासाठी तरी उघडत होता. लग्नं होती ना.

“नळ आधी खोकतो,” माझ्या घरमालकीण अनसूयाकाकू सांगायच्या, “मग शिट्टी वाजवतो, आणि मग गप पडून राहतो. आमच्या ह्यांच्यासारखा.”

आणि त्या आठवड्यात खुद्द काकूंकडेच लग्न होतं. खरंखुरं. धाकट्या शालनचं. शनिवारी दारात हळद, रविवारी अक्षता. मांडव पडला होता, पाहुणे यायला लागले होते, पिंपं रिकामी होती.

“काकू, साहेबांना सांगून थोडं जास्तीचं मागून बघू का?” मी विचारलं होतं.

काकू उडदाची डाळ निवडत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

“मागायचं कशाला? शनिवार आमचा आहे. माझ्या वाराचं पाणी माझ्या दारात येऊ दे. जास्तीचं तांब्याभर नको मला.”

तर माझं एवढंच ठरलं होतं. या शनिवारी वेळापत्रक जसं आहे तसं राहील. त्यासाठी मला कुणाशी भांडायचं नव्हतं. सेटिंग्ज नीट लावायच्या होत्या.

पहिलं सेटिंग नावाचं. बदल करणाऱ्याचं नाव बदलाला चिकटणार. खर्डेकर म्हणाले, “छान.”

दुसरं, एकदा नोंदला गेलेला बदल कुणालाही पुसता येणार नाही. “छान.”

तिसरं, गुरुवारी संध्याकाळी वेळापत्रक बंद. त्यानंतर पाइप फुटला किंवा मोटार जळली तरच बदल, आणि तोही दोघांनी मान्य केला तर. खर्डेकरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “छान.”

चौथं कारणाचं. कारण लिहिल्याशिवाय बदल आत जाणार नाही, आणि काही कारणं कारणं म्हणून चालणार नाहीत. ती मी आधीच घालून ठेवली होती : ‘साहेब म्हणाले’, ‘वरून फोन’, ‘तोंडी सूचनेनुसार’, ‘लग्नघर’.

“लग्नघरसुद्धा?” खर्डेकर दचकले.

“सुद्धा.”

“मग गावात लग्नं लागायची कशी, मॅडम?”

मी पुढच्या सेटिंगकडे गेले. बदल नाकारल्यावर समोरच्याला काय दिसावं, ते लिहायचं होतं. मी लिहिलं, ‘बदल नाकारला.’

“अहो, हे फार उद्धट वाटतं,” खर्डेकर म्हणाले. “मी लिहू का?”

त्यांनी लिहायला घेतलं. ‘महोदय, आपल्या भावनांचा विभागास पूर्ण आदर आहे. तथापि…’ इथपर्यंत येऊन ते अडकले. उठले, येरझाऱ्या घातल्या, परत बसले. ‘तथापि’च्या पुढे आयुष्यात कधी गेलेच नव्हते बहुधा. जेवणाची सुट्टी त्यात गेली. डबा तसाच राहिला. शेवटी पडद्यावर उरलं ते असं : ‘बदल स्वीकारता येत नाही. कृपया राग मानू नये.’

“बरं झालंय ना?” त्यांनी विचारलं. चेहऱ्यावर घाम होता.

“उत्तम,” मी म्हटलं.

मग राहिली शेवटची खूण. त्या साधनात एक चौकोन होता आणि त्यात आधीपासूनच बरोबरची खूण होती. चौकोनापुढे लिहिलं होतं त्याचा अर्थ असा, की ज्यांच्याकडे व्यवस्थेची किल्ली आहे त्यांना हे कुठलेही नियम लागू नाहीत. साधन परदेशी होतं, पण बनवणाऱ्यांना आपल्याकडची कल्पना असावी.

मी माउस तिथं नेला, आणि खर्डेकरांनी एकदम माझ्या मनगटाजवळ हात आणला. हात लावला नाही. नुसता आणला.

“थांबा. हे काय आहे?”

मनात म्हटलं, सापडली मागची बाजू.

“किल्लीवाल्यांना नियम लागू नाहीत, असं आहे हे.”

“म्हणजे मला?”

“तुम्हाला आणि मला.”

“आणि खूण काढली तर?”

“तर आपल्यालाही लागू.”

“पण ज्याच्याकडे किल्ली आहे तो उद्या परत खूण लावू शकतो?”

“हो.”

“म्हणजे कुणी फोन केला, तर मी ती लावू शकतो.”

“शकता.”

खर्डेकरांनी त्या चौकोनावर बोट टेकवलं. मग म्हणाले, “ही किल्ली दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येते का?”

“येते. कुणाच्या?”

“तुम्ही मला फक्त कुठं टाइप करायचं ते दाखवा, आणि जरा चहाचं सांगून या.”

मी चहाचं सांगायला गेले. परत आले तेव्हा पडदा बंद होता आणि खर्डेकर कुंडीजवळ उभे होते. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, आत शिरून बघते तर माझी किल्ली गेलेली. खर्डेकरांच्या नावापुढेही किल्ली नाही. कुणाकडे गेली, ते बघण्याचा अधिकारही मला उरला नव्हता.

मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले.

“साहेब, किल्ली कुणाला दिली?”

“आहे. योग्य ठिकाणी आहे.”

“सभापतींना? तात्यांना?”

त्यांनी समोरचा कागद उलटा करून सुलटा केला.

“साहेब, उद्या टेकाडाचा वार आहे. काकूंच्या मुलीची हळद आहे. मी आठवडाभर हे बांधत बसले ते किल्ली तात्यांच्या खिशात घालायला नाही. तुम्ही ती त्यांना दिली असेल तर मी मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवणार. आणि नोकरी गेली तरी चालेल, मी कंत्राटावरच आहे.”

“कळवा ना,” खर्डेकर मऊ आवाजात म्हणाले. “पण ते सोमवारपर्यंत फोन उचलणार नाहीत. प्रशिक्षणात आधी फोन काढून घेतात म्हणे.”

त्या क्षणी मला त्यांचा जो राग आला, तो मी पुढे बरीच वर्षं जपून ठेवला असता. पण दुपारी तात्या आले.

दिगंबरतात्या फाळके पाणीपुरवठा समितीचे सभापती. खालच्या भागाचे नगरसेवक. तिथं त्यांचं मंगल कार्यालय होतं, आणि शनिवारी तिथं आमदारांच्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं. तात्या कचेरीत शिरले की शिपायापासून टेबलफॅनपर्यंत सगळे त्यांच्याकडे वळत.

“खर्डेकरसाहेब, उद्या सकाळी सात ते दहा आपली लाइन सोडायची,” तात्या खुर्चीत पसरत म्हणाले. “घरचंच कार्य आहे.”

“बघतो की, तात्या.”

मी मुठी आवळून बसले होते. “उद्या टेकाडाचा वार आहे,” मी म्हटलं. “तुम्ही टँकर मागवा.”

“टँकरचं पाणी पाजू पाहुण्यांना? आमदारांकडची माणसं आहेत, ताई. तुम्ही कॉम्प्युटरवाल्या ना? तुम्ही कॉम्प्युटर बघा.”

“तोच बघूया,” खर्डेकर म्हणाले आणि पडदा तात्यांकडे वळवला. “तुमच्या समोरच करतो.”

त्यांनी टेकाडाची वेळ खोडून तात्यांच्या भागाची घातली. कारणाच्या जागी लिहिलं, ‘सभापतींच्या तोंडी सूचनेनुसार’. आणि बटण दाबलं.

पडद्यावर आलं : ‘बदल स्वीकारता येत नाही. कृपया राग मानू नये.’

तात्यांनी ते दोनदा वाचलं. “हे कोण म्हणतंय?”

“सेटिंग आहे, तात्या.”

“माझं नाव घाला.”

खर्डेकरांनी नाव घातलं. हुद्द्यासकट. आधी ‘माननीय’ जोडलं. पुन्हा तेच. कृपया राग मानू नये.

“अहो, माझं नाव पुरत नाही याला?”

“गुरुवारनंतर फक्त पाइप फुटल्याचं कारण घेतं ते.”

“मग लिहा पाइप फुटला!”

“लिहितो की. पण मग दुसऱ्या कुणीतरी मान्य करावं लागतं, पाइप फुटलाय म्हणून. त्याचं नाव कायमचं राहतं.” खर्डेकरांनी कीबोर्ड तात्यांकडे सरकवला. “तुम्ही सभापती आहात. तुम्ही मान्य करता का?”

तात्यांनी कीबोर्डकडे असं पाहिलं, जसं कुणी ताटातल्या केसाकडे बघतं. हात मात्र लावला नाही.

“हे सगळं बाजूला ठेवायची काहीतरी सोय असेलच,” ते म्हणाले. “प्रत्येक गोष्टीत असते.”

“आहे. किल्ली असते.”

“द्या मग.”

“मुख्याधिकाऱ्यांकडे आहे,” खर्डेकर म्हणाले. “कालच त्यांच्या नावावर केली. सोमवारी येतील.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. टेबलावरची टाचणी उचलून टाचण्यांच्या डबीत घालत होते. मला तेव्हा कुठं उलगडलं, की चौकोनावर हात आणून ते खूण वाचवत नव्हते; ती त्यांनी स्वतःच काढली होती. त्यांना खात्री करून घ्यायची होती, की फोन वाजला आणि ते स्वतः “बघतो” म्हणाले, तरी काही होऊ नये. बाकी सगळ्या गावाला आत शिरायला मागचं दार हवं होतं. हा माणूस स्वतःलाच बाहेर ठेवून कडी लावत होता.

तात्या उठले. “ठीक आहे, खर्डेकर,” ते म्हणाले. ‘साहेब’ गळलं होतं. “तुमचा कॉम्प्युटर सुखी राहो.”

ते गेल्यावर मी म्हटलं, “साहेब, मला सांगायचं होतंत.”

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही चांगल्या मनाने कुणाला तरी सांगितलं असतंत,” ते म्हणाले. “आणि त्याने मला फोन केला असता.”

शनिवारी सकाळी सातला टेकाडावरचे नळ खोकले नाहीत. सरळ वाहायला लागले. काकूंच्या दारात बायका ओळीने उभ्या होत्या, घागरी, कळशा, पिंपं, दोन पातेली, एक बाळाची अंघोळीची बादली. काकूंनी नळाला हळदीकुंकू लावलं. शालनला पाटावर बसवलं. पहिलं पिंप निम्मं भरलं असेल, आणि धार बारीक झाली. मग नळ शिट्टी वाजवायला लागला.

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी पाणीखात्यात होते ना.

“नीला,” काकू म्हणाल्या. रागावून नाही. नुसतं नाव घेतलं. मी पदर खोचला आणि उतारावरून धावत सुटले.

टाकीखाली चौकात व्हॉल्वचा खड्डा होता. त्यात इलाहीभाई, व्हॉल्वमन, लांब दांड्याची चावी घेऊन उभा. काठावर तात्या, जरीच्या उपरण्यात, कपाळाला गंध. खालचा व्हॉल्व उघडलेला.

“इलाहीभाई, वेळापत्रकात काय आहे?” मी धापा टाकतच ओरडले.

“मॅडम, मेसेज वरच्या लाइनीचाच आलाय. पण तात्या स्वतः आलेत,” इलाहीभाई म्हणाला. “शेवटी ज्याचा आवाज आला त्याचं मी ऐकतो. नोकरी आहे.”

“ताई, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये मी ढवळाढवळ केली का?” तात्यांनी विचारलं. “तिथं टेकाडाचंच पाणी लिहिलेलं आहे. राहू दे लिहिलेलं.”

तेवढ्यात खर्डेकरांची स्कूटर आली. त्यांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. त्यांनी स्कूटर स्टँडला लावली, पडली, परत लावली. खड्ड्याशी येऊन उभे राहिले. इथं ना पडदा होता ना बटण. इलाहीभाई चावी धरून त्यांच्याकडे बघत होता, तात्या बघत होते, मी बघत होते.

“या, साहेब,” तात्या हसले. “बघता ना?”

खर्डेकरांनी तोंड उघडलं. मिटलं. घसा साफ केला. मान हलायला लागली होती, नेहमीची, होकाराची. ती त्यांनी मध्येच थांबवली. कष्टाने, भरलेलं पिंप सरकवावं तशी.

“नाही,” ते म्हणाले.

“काय?”

“नाही, तात्या. इलाही, खालचा बंद कर.”

“कोण म्हणतंय?” तात्यांनी विचारलं. “सेटिंग?”

“मी म्हणतोय.”

तात्या एक पाऊल पुढे आले. “खर्डेकर, तुमच्या बदलीची ऑर्डर तुम्ही स्वतःच टाइप कराल, एवढं लक्षात ठेवा.”

“करीन,” खर्डेकर म्हणाले. आवाज थरथरत होता, पण बंद झाला नाही. “सोमवारी करीन. आज शनिवार आहे, आणि शनिवार टेकाडाचा आहे. राग मानायचा तर माना.”

इलाहीभाईने चावी फिरवली. शेवटचा आवाज खर्डेकरांचा होता. खालच्या पाइपातली धावपळ थांबली आणि जरा वेळाने वरच्या पाइपाने एक मोठा उसासा टाकला. तात्या गाडीत बसून गेले. बदलीची ऑर्डर खरोखरच पुढच्या महिन्यात निघाली. खर्डेकरांनीच टाइप केली. जन्म-मृत्यू नोंदणीत गेले. तिथं लोक कुणाच्या ओळखीने मरत नसत, म्हणून काम शांत होतं.

पण त्या सकाळी ते खड्ड्यावरचं लोखंडी झाकण लावून त्यावर बसले.

“साहेब, घरी जा आता,” मी म्हटलं. “मी थांबते.”

“नको. मी उठलो की तो परत येईल.” आणि मग जरा लाजून, “परत आला तर मला पुन्हा जमेल की नाही, सांगता येत नाही. बसलेलं बरं.”

मग फोन सुरू झाले. आधी उपनगराध्यक्ष. खर्डेकरांनी फोन कानाला लावला, ऐकून घेतलं, घाम पुसला. “नाही हो,” ते म्हणाले. मग माजी नगराध्यक्ष. “नाही.” मग आमदारांचे कुणी स्वीय सहायक. “नाही, साहेब. दहापर्यंत नाही.” प्रत्येक वेळी शब्द थोडा मोकळा होत होता, नव्या चपलेसारखा. एका फोनला तर पलीकडच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांनी नाही म्हणून टाकलं, आणि कळलं की तो गॅसवाला होता.

वरून टेकाडावरून हळदीची गाणी ऐकू यायला लागली. बायकांचा आवाज मोठा होता, त्यामुळे पाणी पोचलं हे समजलं.

फोन पुन्हा वाजला. त्यांच्या घरून. खर्डेकरवहिनींचा. आवाज इतका खणखणीत, की मलाही ऐकू आला.

“अहो, चहासुद्धा न घेता कुठं गेलात? नाश्त्याला येताय ना?”

“नाही,” खर्डेकर म्हणाले.

त्यांच्या संसारात हा शब्द पहिल्यांदाच आला असावा.

“अहो, बरं नाही का तुम्हाला?”

“बरंय. पोहे झाकून ठेव. दहा वाजल्यावर येतो.”

त्यांनी फोन खिशात ठेवला, पाय दुमडून झाकणावर नीट मांडी घातली आणि मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही जा वर. तिकडे हळद लावायची राहील.”

मी निघाले. चढावर वळून पाहिलं, तर कुणाची तरी जीप चौकात येऊन थांबत होती. खर्डेकर उठले नाहीत.